घोंगड्याखालचे नव्वद अंश

मला तो माणूस आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं किती धरायचं आणि किती सोडायचं ते वाचणाऱ्याला ठरवता येईल. वयानं तो माझ्याच बरोबरीचा, पन्नाशीला टेकलेला. समोरासमोर मी त्याला अहो-जाहो करत असे. लिहिताना मात्र ‘तो’ असंच येतं आणि मी ते बदलणार नाही.

साताऱ्यात मंडईच्या मागच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथं काय काय नाही याचीच मी मनाशी यादी केली. पाटी नाही. टेबल नाही. खुर्ची नाही. पावतीपुस्तक नाही. मोबाइल होता, पण फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेला. वाजला तर तो त्याच्याकडे बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. जमिनीवर एक लांब फळी, फळीवर पोट उघडून ठेवलेली कॅबिनेटं, आणि त्यांच्यासमोर हा उकिडवा बसलेला, माळावर मेंढरं राखणारे बसतात तसा. ती बैठक घरचीच होती. म्हसवडच्या पलीकडे त्याचं गाव, घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आयटीआय करायला साताऱ्यात आला तो इथंच राहिला, पण खुर्चीवर बसायला काही शिकला नाही. गिऱ्हाइकानंही खालीच बसायचं. बँकेचे साहेब, कॉलेजच्या प्राध्यापिका, सगळे दारात चपला काढून मुकाट मांडी घालत.

‘लगेच करून द्या’ असं कुणी म्हणालं की तो त्याचं कॅबिनेट उचलून त्याच्याच मांडीवर ठेवायचा. ‘लगीच करणारी दुकानं नाक्यावर हायती, पाव्हणं. हितं आधी बघत्यात, मग करत्यात.’

मशीनला नंबर नाही, चिठ्ठी नाही. गिऱ्हाइकाचं नाव त्याला कधी आठवायचं नाही, पण मशीन तो तोंडावरून ओळखायचा. रंगावरून, खोडीवरून त्यानं त्यांना नावं पाडली होती. एक लंगडी, एक भुरी, फॅन खरखरायचा ती खोकली. आबांच्या काळ्या कॅबिनेटवर घर रंगवताना पांढरे शिंतोडे उडाले होते, म्हणून ती बांडी. अंगावर ठिपके असलेल्या मेंढीला बांडी म्हणतात, हे मला त्याच्याकडून कळलं. चाळीस-पन्नास मशीनचा इतिहास तो डोक्यात ठेवायचा. मी त्याला एकदा एक वही नेऊन दिली, रकाने आखून: तारीख, नाव, तक्रार, उपाय. पुढच्या वेळी गेले तर ती वही खोकलीच्या पायाखाली टेकू म्हणून दिलेली होती. ‘बरोबर मापाची निघाली, ताई,’ तो खरोखर आनंदानं म्हणाला.

आबा म्हणजे माझे वडील. तेहतीस वर्षं त्यांनी लाल बस चालवली. म्हसवड, वडूज, आणि शेवटी मेढ्यावरून वर महाबळेश्वरचा घाट. निवृत्तीनंतर काही वर्षांनी आई गेली आणि सत्तरीचे आबा साताऱ्याच्या भाड्याच्या घरात एकटे राहिले. मी सांगलीत. एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची व्यवस्था मी बघते. दर चार तासांनी प्रत्येक खोलीचं तापमान वहीत चढवायचं, कुठल्या खोलीत कुणाचा माल किती दिवस आहे याचा तक्ता ठेवायचा, हे बावीस वर्षं करते आहे. घरीही फ्रिजवर याद्या असतात. नवरा हसतो, पण गॅसची टाकी कधी बदलली ते यादीतच बघतो.

आबा एकदा मोबाइलची काच बदलायची म्हणून त्या दुकानात शिरले आणि अडीच तासांनी बाहेर पडले. आत कुणाचं तरी स्टेअरिंग आणि पेडल जोडून तो बस चालवण्याचा एक गेम तपासत होता. ‘आवं, जरा धरून बघा, वळतंय का नीट,’ एवढंच तो म्हणाला होता. महिन्याभरात आबांच्या पुढच्या खोलीत बांडी आली, स्टेअरिंग आलं, तीन पेडल आली. कुठल्याशा हौशी लोकांनी आपल्याकडचे घाट त्या गेममध्ये जसेच्या तसे उतरवले होते, तेही त्यानं शोधून घालून दिले. रोज सकाळी दहाला आबा अंघोळ करून, खाकी शर्ट घालून ड्यूटीवर बसू लागले.

मला आनंद झाला. एका रविवारपर्यंत टिकला.

त्या रविवारी मी साताऱ्याला गेले तर तो आमच्या पुढच्या खोलीत उकिडवा बसलेला, आणि आबा मोठमोठ्यानं हसत होते. माझे आबा हसले तर नाकातून एक हुंकार यायचा, एवढंच मला माहीत. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, काय झालं?

‘ताई, ह्यो कोण हाय सांगू का?’ तो आबांकडे बोट दाखवत म्हणाला. ‘मी सात वर्साचा असंन. आमचा कळप म्हसवडच्या रस्त्यात. समद्या गाड्या भोंगं वाजवायच्या, मेंढरं बुजायची, आन बा मला हाणायचा. एकच गाडी इंजिन बंद करून हुबी ऱ्हायाची. डायव्हर खाली उतरायचा, बिडी शिलगवायचा आन म्हणायचा, सावकाश रं गड्या, मला काय घाई न्हाई. त्यो डायव्हर ह्यो!’

‘आता वळखला लेकानं,’ आबा डोळे पुसत म्हणाले. ‘चाळीस वर्सांनी.’

आबा बिडी ओढायचे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आणि घाई नाही? आमच्या लहानपणी आबांना सतत घाई असायची. शाळेच्या वेण्या आई घालत असताना ते दारात किल्ल्या वाजवत उभे असत. बोलणं तीन शब्दांत. व्हय, न्हाई, चला. ज्या माणसाकडे मला द्यायला वेळ नव्हता, त्यानं तो म्हसवडच्या रस्त्यावर कुणाच्या तरी मेंढरांना दिला होता. मी आत जाऊन चहा टाकला आणि त्याच्या कपात साखर घालायची विसरले. त्याला बिनसाखरेचाच लागतो हे मला नंतर कळलं. चहा पिऊन वर गुळाचा खडा खायचा.

त्याच्या कामाची सगळीकडे तारीफ व्हायची, तीही मला सोसत नसे. गेम खेळणाऱ्यांची मशीनं त्याच्याकडे जास्त यायची, आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असायचा. गेम अडखळतोय, तर प्रोसेसर बदलायचा, का आहे तोच ओव्हरक्लॉक करायचा? ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरला त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. वेग वाढतो, उष्णता वाढते, कधी मशीन मधेच बसकण मारतं. यावर त्याचं ठरलेलं वाक्य होतं: ‘आधी जुन्याला इचारायचं. त्यो न्हाई म्हणला, तरच नवा.’

आणि तो खरंच विचारायचा. वेग अगदी थोडा वाढवायचा, मालकाला समोर बसवून तासभर खेळायला लावायचा, आणि स्वतः डोळे मिटून कॅबिनेटवर तळहात ठेवून बसायचा. मग आणखी थोडा. तिसऱ्या पायरीला भिंतीवरच्या खुंटीचं काळं घोंगडं काढायचा आणि दुहेरी करून कॅबिनेटवर टाकायचा. पुढची जाळी तेवढी मोकळी. खोलीतला पंखा बंद. ‘सातारचा उन्हाळा लाजंचा हाय. मशीननं म्हसवडचा उन्हाळा सोसला पायजे,’ असं म्हणायचा. घोंगड्याखाली तास काढला तर वेग कायम. नाही काढला तर घोंगडं झटकून, घडी घालून, मालकाला सांगायचा, ‘दम संपला ह्याचा. नवा घ्या.’

महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं मुलाचं मशीन आणलं होतं. नवा, महागातला प्रोसेसर घालायचं पक्कं करूनच आलेला. ह्यानं उघडून बघितलं तर पावसाळ्यातल्या ओलीनं आत बुरशी धरलेली, फॅन गच्च. ब्रशनं साफ केलं, वाळवलं, घोंगड्याखाली तासभर बसवलं आणि परत दिलं. काही विकलं नाही. हॉटेलवाला पुढे हंगामात स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आला आणि खाली मांडी घालून बसून राहिला, नुसता. उलट वडूजचा एक कॉलेजातला पोरगा वेग वाढवून द्या म्हणून हट्ट करत होता, त्याला ह्यानं साफ नकार दिला. ‘ह्येला पळवलं तर मरंल, गड्या. आठ वर्सं पळालाय त्यो.’ म्हणजे जुन्याचं खूळ नव्हतं त्याला. ते असतं तर बरं झालं असतं, मला त्याला खुळा म्हणता आलं असतं.

मग मार्च आला. तीन दिवस आबांचा फोन लागत नव्हता, लागला तर ‘बरा हाय’ म्हणून ठेवून देत. तिसऱ्या दिवशी दुपारी आबांच्या फोनवरून त्याचा आवाज आला. जो माणूस स्वतःचा फोन फडक्यात बांधून ठेवतो त्यानं मला फोन लावला होता.

‘ताई, घाबरायचं काम न्हाई. आबास्नी ताप हुता. आता उतारलाय. पेज घेतली.’

‘कधीपासून?’

‘चार दिस झालं. मी हितंच हाय.’

मी सांगलीहून निघाले, पोचेपर्यंत अडीच तास लागले. आबा उशीला टेकून बसले होते. घर झाडलेलं होतं, औषधं खिडकीत ओळीनं लावलेली होती, सकाळची एका बाजूला, संध्याकाळची दुसऱ्या बाजूला. अगदी मी लावली असती तशी. दुकान चार दिवस बंद होतं. मी त्याचे आभार मानले, नीट, मनापासून मानले. आणि घरी परत येताना कऱ्हाडपर्यंत रडले, कारण आबांनी त्याला बोलावलं होतं आणि मला बोलावलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी यादी केली. मागची खोली रिकामी करणे. संडासाला आधाराचा दांडा. डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर, हे झालं. स्टेअरिंगच्या टेबलाचं माप, पाच फूट बाय अडीच. खिडकीला पडदा, म्हणजे स्क्रीनवर ऊन येणार नाही. सतरा गोष्टी होत्या. सगळ्या करून मी आबांना म्हटलं, सांगलीला चला.

‘लेकीच्या घरी कायमचं ऱ्हात न्हाईत,’ आबा म्हणाले.

‘आता कोण पाळतं हे?’

‘मी पाळतो.’

तेवढ्यात बांडीनंच वाट काढून दिली. घाटाची नवी आवृत्ती आली होती, पावसाची, धुक्याची, आणि ती बांडीला झेपेना. सरळ रस्त्यावर ठीक, पण केळघरच्या वर वळणं सुरू झाली की चित्र क्षणभर थिजायचं, आणि पुढच्या क्षणाला बस दरीत. आबांनी तेहतीस वर्षांत एक आरसा फोडला नव्हता, आणि आता रोज दोनदा चाळीस माणसं दरीत जात होती. ते फार मनाला लावून घेत. जेवायचे नाहीत.

मी चौकशी केली. नवीन प्रोसेसर घ्यायचा तर मदरबोर्ड बदलायचा, मेमरी बदलायची, म्हणजे जवळजवळ सगळं मशीनच नवं. मी आबांना सांगितलं, ‘मी घेते नवीन. पण सांगलीत. तिथं बसवायचं, तिथं चालवायचं.’

तो भिंतीशी उकिडवा बसलेला होता. आबांनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्याकडे, माझ्याकडे नाही.

‘तू सांग. बांडी चालती तवर मी हितं. न्हाई चालली, तर जातो लेकीकडं.’

‘इचारू की तिला,’ तो म्हणाला. मी मधे काही बोलणार होते, पण माझ्या वडिलांनी कुठं राहायचं हे एका प्रोसेसरवर सोपवून दोघं मोकळे झाले होते.

मे महिन्यातली दुपार ठरली, मुद्दाम, उन्हाची. आमच्याच पुढच्या खोलीत. सकाळपासून त्यानं बांडीचा वेग तीन पायऱ्या चढवला होता. वळणांवर ती आता अडखळत नव्हती. प्रश्न एवढाच, की उष्णता सोसते का. त्यानं पंखा बंद केला, घोंगडं दुहेरी करून टाकलं आणि एक छोटा जुना मॉनिटर माझ्यासमोर ठेवला. त्याच्यावर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा दिसत होता.

‘ताई, आकडा तुमी बघायचा. तुमचं कामच त्ये हाय, तुमच्यापरास कुणाला जमणार? नव्वदला टेकला की सांगायचं. टेकला तर बांडी म्हातारी झाली. न्हाई टेकला तर ऱ्हायली.’

‘आणि तुम्ही?’

‘मी हात ठिवतो.’

आबांनी खाकी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि गाडी काढली. मी वही उघडली. दर पाच मिनिटांनी एक ओळ. एकाहत्तर. शहात्तर. एकोणऐंशी. मेढा गेलं तेव्हा ब्याऐंशी. घाट लागला, स्क्रीनवर पाऊस सुरू झाला, चौऱ्याऐंशी. आमच्या तिघांच्या अंगावरून घाम निथळत होता. आबा तोंडातल्या तोंडात गिअर म्हणत होते, ‘दुसरा... दुसराच ऱ्हाऊ दे,’ आणि तो डोळे मिटून, घोंगड्याखाली हात घालून बसला होता. शहाऐंशी. शहाऐंशी. बस एकेक वळण घेत वर चढत होती आणि एकाही वळणाला चित्र थिजत नव्हतं. आबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं. ते मी त्यांना सांगलीत देऊ शकणार होते का, मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की हे असंच तास भरेपर्यंत चाललं तर पुढचा ताप पण ह्यालाच कळणार आहे. आणि त्याच्या पुढचं जे काही असेल, ते सुद्धा आधी ह्यालाच.

सत्त्याऐंशी. पाच मिनिटांनी पुन्हा सत्त्याऐंशी. तासाला चार मिनिटं कमी होती.

‘नव्वद,’ मी म्हटलं.

आबांनी आरशात बघितलं, बस रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं नाही. घोंगडं काढलं, झटकलं, चौघडी केली.

‘ताई म्हणत्यात नव्वद,’ तो म्हणाला. ‘मग नव्वद.’

‘बरं,’ आबा म्हणाले.

बावीस वर्षांत मी वहीत खोटा आकडा लिहिलेला नाही. त्या दिवशीही लिहिला नाही. ती ओळ कोरी सोडली.

जूनमध्ये आबा सांगलीला आले. यादीतल्या सतराही गोष्टी बरोबर निघाल्या. दांडा हवा तिथं होता, डॉक्टर चांगले होते, पडद्यामुळे स्क्रीनवर ऊन येत नव्हतं. नवा प्रोसेसर कधी अडखळला नाही. ‘लय सरळ मशीन हाय,’ आबा पहिल्या दिवशी म्हणाले, आणि त्यानंतर त्या मशीनबद्दल काही बोलले नाहीत. त्याला नावही पाडलं नाही. दहा ते बारा ड्यूटी, मग जेवण, मग झोप. चहा हवा का? व्हय. गुडघा दुखतो का? न्हाई. ते माझ्या घरात होते, मला दिसत होते, त्यांचा ताप आता मला कळला असता. ते हसत मात्र नव्हते. मी एकदा म्हसवडच्या रस्त्याची गोष्ट काढून बघितली. ‘आबा, तुम्ही मेंढरांसाठी गाडी बंद करायचात ना?’ ते म्हणाले, ‘व्हय.’

दिवाळीनंतर साताऱ्याचं घर सोडायचं होतं म्हणून मी एकटी गेले. किल्ली मालकाला दिली आणि पाय आपोआप मंडईच्या मागच्या गल्लीत गेले. दुकानातली फळी रिकामी होती. तो पोत्यात हत्यारं भरत होता.

‘आलात व्हय ताई? बरं झालं. उद्या आला असता तर मी न्हवतो.’

गावी चालला होता. भावाचे गुडघे गेले, कळपामागं जायला कुणी उरलं नाही. तीस वर्षांचं दुकान बंद करून तो मेंढरांमागं निघाला होता, आणि त्यात त्याला काहीही विशेष वाटत नव्हतं. ‘मशीन कुणीबी बघंल. पोरं हुशार हायती आता. मेंढरं कुणीबी न्हाई बघत.’ एका कोपऱ्यात, आबांनी जाताना त्याच्याकडे ठेवलेली बांडी घोंगड्यात बांधलेली दिसली. ती तेवढी तो बरोबर नेणार होता.

‘बांडीचं काय करणार माळावर?’

‘घरी ठिवणार. आबा कवा आलं तर चालवतील.’

मी खाली बसले. पहिल्यांदाच कुणी न सांगता बसले. आणि म्हटलं, ‘त्या दिवशी नव्वद नव्हते.’

‘म्हाईत हाय की.’

‘तेव्हाच? हाताला कळलं?’

‘हाताला काय कळतंय, घोंगड्याखाली समदंच गरम,’ तो हसला. ‘तुमी नव्वद म्हणलात तवा तुमचा आवाज बदलला. बांडीचा न्हाई बदलला.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘मी कशाला बोलू? मधी पडणारा मी कोण? आन आबास्नी बी कळलं हुतंच.’

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तो पोत्याचं तोंड सुतळीनं बांधत राहिला.

‘दुसऱ्या दिशी आलं हुतं हितं. बसलं. म्हणलं, पोरगी जन्मात कवा खोटं बोलली न्हाई रं. शाळंत खडू फोडला तरी घरी येऊन सांगायची. आता माझ्यापायी बोलली. आता जायालाच पायजे.’

गल्लीत कुणीतरी कोथिंबिरीची गाडी उलटी वळवत होतं, तिकडे मी बघत होते. आबा माझ्यासाठी आले होते. सतरा गोष्टींसाठी नाही, प्रोसेसरसाठी नाही, माझ्यासाठी. गेले पाच महिने मला हेच हवं होतं. आणि ते त्यांनी ह्याला सांगितलं होतं. मला नाही, ह्याला.

त्यानं भाकरी काढली, मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर मिरचीचा ठेचा. नको म्हणायची त्याच्याकडे सोय नव्हती. आम्ही दोघांनी खाल्लं. निघताना तो म्हणाला, ‘आबास्नी म्हणावं, रस्ता झालाय चांगला. म्हसवडपातुर डांबरी.’

सांगलीला पोचले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. वेळ नसूनही आबा गाडीवर बसलेले होते. स्क्रीनवर घाट होता. मी पर्स न ठेवताच त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

‘आबा, त्या दिवशी सत्त्याऐंशी होते.’

त्यांनी गिअर बदलला. रस्त्यावरून नजर काढली नाही.

‘व्हय,’ म्हणाले. वळण आलं, ते त्यांनी सावकाश घेतलं, गाडी सरळ केली. मी वाट बघत होते. मग ते म्हणाले, ‘त्याला भेटलीस?’

‘भेटले.’

‘बरा हाय का त्यो? दुकान चालतंय?’

त्यांनी बस कडेला घेतली आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. अख्खी खुर्ची. मी त्यांना सांगितलं. दुकान बंद झालं, भावाचे गुडघे, हत्यारांचं पोतं, घोंगड्यात बांधलेली बांडी, म्हसवडपर्यंतचा डांबरी रस्ता. आबा प्रश्न विचारत राहिले. कळप केवढा आहे? किती उरलाय? आता हिवाळ्यात कुठं नेणार, कोकणात उतरणार का? जेवला होता का? मला जे माहीत नव्हतं तेही मी अंदाजानं सांगितलं. एकदा ते हसले, नाकातून नाही, पूर्ण. नवऱ्यानं येऊन दिवा लावला तरी आम्ही बोलत होतो. आबांचं आणि माझं एवढं लांब बोलणं त्याआधी आयुष्यात झालं नव्हतं, आणि त्यातलं एकही वाक्य माझ्याबद्दल नव्हतं.